पंधरा फुटांचा कागद

खाडी किती खोल आहे, असं विचारणाऱ्या माणसाला मी आधी तिथी विचारतो. तो गडबडतो. मग किती वाजता, असं विचारतो. तो घड्याळात बघतो, माझ्याकडे बघतो आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं ठरवून दुसऱ्या कुणाला तरी विचारायला निघून जातो. माझी त्याला अजिबात हरकत नसते. ज्याला तिथी आणि वेळ कळत नाही त्याला खाडीची खोली सांगणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, हे माझं मत तेहतीस वर्षांच्या नोकरीत बनलं आणि निवृत्तीनंतर खासगी मोजण्या करताना पक्कं झालं.

मी पाण्याची खोली मोजायचो. एवढं साधं वाक्य आहे, पण आमच्या सोसायटीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की परब पाणीपुरवठ्यात होते. टाकी भरली नाही की पहिली बेल माझ्या दारावर वाजते. मी सांगून सांगून थकलो की बाबांनो, माझा नळाशी संबंध नाही, मी बोटीत बसून तळ किती खाली आहे ते बघायचो. त्यावर चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "यासाठी सरकार पगार देतं?" डोंबिवलीकरांची जिज्ञासा इथेच संपते.

काम थोडक्यात सांगतो. पूर्वी शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायची. दोरीवर फुटाफुटाला खुणा, गोळ्याच्या बुडाला मेण. मेणाला चिकटून वर येईल त्यावरून तळाला रेती आहे की गाळ ते कळायचं. नंतर यंत्र आलं. ते पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतं. दोन्ही पद्धतींत खरं काम दोरीचं नाही आणि यंत्राचंही नाही. खरं काम काठावर रोवलेल्या खांबाचं. त्या खांबावर फूट आणि इंच रंगवलेले असतात आणि एक माणूस उन्हात बसून दर दहा मिनिटांनी पाणी कुठपर्यंत आलं ते लिहीत असतो. कारण आमच्या खाडीत पाणी एका जागी थांबत नाही. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भरती आणि ओहोटीत दहा-अकरा फुटांचा फरक पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती मंद असते तेव्हा, त्याच्या निम्माही पडत नाही. म्हणून मोजलेल्या प्रत्येक आकड्यातून त्या वेळचं चढलेलं पाणी वजा करायचं आणि खालात खालच्या ओहोटीला किती उरतं ते लिहायचं. धंद्याचा नियम हा की खोली नेहमी कमीत कमी सांगायची. जास्तीत जास्त सांगायला अक्कल लागत नाही.

पण लोकांना जास्तीत जास्तच ऐकायचं असतं. शीळफाट्याच्या पुढे एकाने पाण्याने भरलेली जुनी दगडखाण विकत घेऊन तिथे रिसॉर्ट काढलं होतं. 'नव्वद फूट खोल नैसर्गिक तलाव' असा फलक रस्त्यावर लावून मोकळा झाला आणि मग मला मोजायला बोलावलं. नैसर्गिक काय, त्याच्या भिंतींवर सुरुंगाची भोकं अजून दिसत होती. मी मोजलं तर अडतीस फूट. तो चिडला. म्हणाला, "आम्ही स्वतः दगड बांधून नव्वद फूट दोरी सोडली होती." मी विचारलं, दोरी सोडताना बोट कुणी धरून ठेवली होती? कुणीच नाही. वाऱ्याने बोट सरकत होती, दोरी तिरकी होत होती आणि हे वरून आनंदाने दोरी सोडत होते. आणखी दोरी असती तर तळ्याच्या पलीकडे जाऊन शीळफाट्याच्या सिग्नलपर्यंत खोली गेली असती. फलक त्याने बदलला नाही. अजून तिथेच आहे, फक्त रंग उडालाय.

कल्याणच्या बाजूला एका पुढाऱ्याने प्रवासी धक्का बांधून घेतला. मोजणी केली होती, तक्ता दिला होता, पण उद्घाटन भरतीला ठेवलं, फोटो भरतीला काढले आणि पायऱ्यासुद्धा भरतीच्या पाण्यापर्यंतच बांधल्या. ओहोटीला शेवटची पायरी आणि पाणी यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची हवा आणि खाली चिखल. एका पत्रकाराने मला विचारलं, यात चूक कुणाची? मी म्हणालो, चंद्राची. त्याने ते छापलं नाही.

अशी माझी जीभ. आणि या जिभेची मला बरीच वर्षं मौज वाटत आली, हेही कबूल करतो. आता ज्या कामाबद्दल लिहायचं आहे, ते अडीच-तीन वर्षांपूर्वीचं.

कोपरच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात हरीशेठ राहतात. जुने भूमिपुत्र. त्यांच्या वडिलांची खारजमीन होती, मिठागरावरही काम होतं. हरीशेठ स्वतः तरुणपणी रेतीच्या होड्यांवर डुबी मारायचे, म्हणजे नाक दाबून तळाशी जायचं, बादली रेतीने भरायची आणि वर यायचं. दिवसाला शंभर-शंभर वेळा. आमची लाँच तिकडे मोजणीला जायची तेव्हापासूनची ओळख. पुढे जमिनींना भाव आला, बाकी सगळी गेली, टॉवर आले, आणि शेठच्या हातात बांधालगतचा एक तुकडा तेवढा राहिला. माणूस शेठ झाला तरी बोलणं आणि चालणं खाडीवरचंच राहिलं.

एक दिवस ते माझ्या घरी आले. सोबत त्यांची मुलगी प्राची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, चार वर्षं परदेशात नोकरी करून परत आलेली.

"परब साहेब, पोरीला खारीन धंदा काराचाय," शेठ म्हणाले. "मना काय त्यातला समजत नाय. तुमी ऐका."

प्राचीने फोनवर चित्रफीत दाखवली. एक बोट चाललीय, मागे एक बाई फळीवर उभी, हातात दोरी नाही, काही नाही, आणि बोटीच्या लाटेवरून ती घसरत चाललीय. लाट संपतच नाही. याला म्हणे वेकसर्फिंग म्हणतात.

"काका, बोटीत मागच्या बाजूला टाक्या असतात," ती सांगू लागली. "त्यात तिथलंच पाणी पंपाने भरायचं. दीड-दोन टन. मग बोट मागून दबते आणि मोठी लाट उठते. मी तिकडे एका तळ्यावर शिकलेले. आपल्या ह्या पट्ट्यात करायचंय. बाबांचा तुकडा आहे, तिथे क्लब."

मी विचारलं, "आणि पाणी किती लागतं?"

"बारा फूट तरी हवं. पंधरा असेल तर बेस्ट. बोट पाणी खाली ढकलते ना, तळ जवळ असला तर लाट उठतच नाही, नुसती खळबळ होते. आणि पडलो तर खाली लागू नये."

मुलीला कळत होतं, हे मला तेव्हाच दिसलं. खोलीबद्दल इतकं शहाण्यासारखं बोलणारं गिऱ्हाईक मला तेहतीस वर्षांत भेटलं नव्हतं. पण दाद द्यायची सवय नाही. मी म्हणालो, "ह्या पाण्यात हात घातला तर मी घरी येऊन दोनदा साबण लावतो, आणि तू लोकांना त्यात पोहायला लावणार?"

"पोहायचं नाही काका, सर्फ करायचंय," ती हसली. "आणि बोट ऑर्डर केलीय."

बोट आधी, पाणी मागून. मी शेठकडे बघितलं. शेठ मुलीकडे बघत होते, आणि जगात दुसरं काही बघण्यासारखं नाही अशा तोंडाने बघत होते. मी काम घेतलं.

आठ दिवस मोजलं. खाडीच्या त्या पट्ट्यात जुन्या रेती उपशाने मधोमध लांबट खड्डा झालाय. उधाणाच्या पूर्ण भरतीला तिथे पंधरा फूट पाणी असतं. खड्ड्याच्या बाजूला बारा-तेरा, बांधाकडे अकरा. त्यातून ओहोटीचे अकरा वजा करा, म्हणजे काय उरतं ते शाळेतलं मूलही सांगेल. शिवाय तळाला असा गाळ की पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातो आणि बाहेर काढायला दोन माणसं लागतात. मी चाळीस पानांचा अहवाल केला. तक्ते, नकाशे, कुठल्या तिथीला किती वाजता किती वेळ बारा फूट मिळेल, सगळं. पंधरवड्यात चार-पाच दिवस, दर भरतीला तास-दोन तास. त्यात हा खेळ करता येईल, बाकी वेळ बोट शेडमध्ये. निष्कर्ष स्वच्छ होता.

अहवाल द्यायला गेलो तेव्हा तिथे प्राचीचा भागीदार होता. रोहन. घोडबंदर रोडवर राहणारा, स्वतःला प्रोजेक्ट हेड म्हणवणारा. काळा चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. त्याने चाळीस पानं अंगठ्याने फर्रकन उलटली.

"सर, एवढं कोण वाचतं? इन्व्हेस्टरला वन पेजर लागतो. मॅक्स डेप्थ किती, तेवढं एका पानावर द्या. साइन आणि स्टॅम्प."

मी म्हणालो, खोली कमीत कमी सांगायची असते.

"सर, आजकाल डेप्थ तर ॲपवर पण येते," तो म्हणाला. "तुम्हाला फक्त स्टॅम्पसाठी बोलावलंय."

तेहतीस वर्षं उन्हात काढली होती. नाकाची साल तीनदा गेली, उजव्या कानाला इंजिनाच्या आवाजाने कमी ऐकू येतं, आणि हा डोक्यावर चष्मा लावलेला इसम मला सांगत होता की तू शिक्का आहेस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. भांडायला हवं होतं. अहवाल उचलून घरी जायला हवं होतं. मी त्याहून वाईट केलं. तिथेच बसून एक पान लिहिलं. वर ठळक अक्षरांत: 'कमाल खोली पंधरा फूट.' खाली बारीक अक्षरांत: 'ही खोली उधाणाच्या पूर्ण भरतीची आहे, इतर वेळेसाठी मूळ अहवालातील तक्ते पाहावेत.' सही केली, शिक्का मारला. एक अक्षर खोटं नव्हतं. मनात म्हटलं, जा बाळा, रुतव बोट चिखलात, मग कळेल शिक्का कशाला म्हणतात.

निघताना प्राची माझ्या मागे दारापर्यंत आली. "काका, एक विचारू? हे पंधरा फूट आम्हाला रोज किती वेळ मिळेल?"

खाडीबद्दल विचारण्यासारखा एकच प्रश्न असतो, आणि तो हा. मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो प्रश्न त्या मुलीने मला दारात विचारला. उत्तर तोंडपाठ होतं. एका वाक्याचं होतं.

मी म्हणालो, "सगळं लिहून दिलंय. वाचायची सवय लावा."

ती "सॉरी काका" म्हणाली आणि आत गेली. चाळीस पानं रोहनच्या गाडीत गेली आणि तिथेच राहिली, असं पुढे कळलं.

बोट ट्रेलरवर आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. गावाने तिची पूजा केली, नाकावर नारळ फोडला, हार घातला. उद्घाटन हनुमान जयंतीला ठरलं. पौर्णिमा, म्हणजे उधाण, आणि भरती दुपारी दीडच्या सुमारास. मुहूर्त भटजींनी काढला होता, पण योगायोगाने पाण्याचाही जमला. कार्यक्रम एक वाजता. मी गेलो. आमंत्रण होतं म्हणून गेलो असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

बांधावर मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढरे झगे चढवले होते, आणि डीजेवर हनुमान चालिसा आणि दुसरंच काहीतरी आलटून पालटून वाजत होतं. एक वाजला, पाहुण्यांचा पत्ता नाही. पाहुणे म्हणजे ज्यांच्या हस्ते फीत कापायची ते. हनुमान जयंती, त्यांना दहा देवळांत जायचं होतं. दीड वाजता खाडी काठोकाठ भरली. प्राची लाइफ जॅकेट घालून बोटीत तयार बसलेली. दोन वेळा म्हणाली, "आपण एक राउंड मारून घेऊ का?" रोहन म्हणाला, "गेस्ट यायच्या आधी? पागल आहेस का? फोटोच नाही येणार."

अडीच वाजले. साडेतीन. मी रोवलेला मोजणीचा खांब मांडवापासून चाळीस पावलांवर होता आणि माझी नजर सवयीने तिकडे जात होती. पाणी फिरलं होतं. एक फूट गेलं, तीन गेले. चारच्या सुमारास मी उठून रोहनकडे गेलो.

"पाणी उतरतंय."

"काका, रिलॅक्स," त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पंधरा फूट आहे. तुमचीच सही आहे."

मी परत येऊन खुर्चीत बसलो. कुणीतरी वडापावची प्लेट दिली, ती खाल्ली. प्राची बोटीत होती, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. शेठ मांडवाच्या तोंडाशी शाल आणि गुच्छ घेऊन उभे होते. मी दोघांनाही काही बोललो नाही. मी मनात हिशेब मांडत बसलो होतो की पाच वाजता मध्ये आठ उरेल, बांधाकडे चार, लाट उठणार नाही, बोट गाळ उसळवत फिरेल आणि त्या चष्मेवाल्याचं तोंड पाहुण्यांसमोर बघण्यासारखं होईल. इतकंच. माणसाला लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण 'पडलो तर खाली लागू नये' हे तिने माझ्याच घरी, माझ्याच समोर सांगितलं होतं.

पाहुणे सव्वापाचला आले. पाच मिनिटं भाषण, दोन मिनिटं फीत. मग पंप सुरू झाला, टाक्यांत पाणी भरलं, अर्ध्याहून जास्त चिखलच असणार, आणि बोट मागून अशी बसली, जणू कुणी खाली दाबून धरलीय. मधल्या खड्ड्यावरून पहिली फेरी झाली. प्राची दोरी धरून फळीवर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाट जेमतेम गुडघाभर उठली आणि फुटली. मागे सगळं पाणी काळं झालं. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं.

रोहन बांधावरून ओरडला, "जवळून घ्या! इकडून! फोटो!"

बोटवाला मालवणकडून आणलेला होता, त्याला ही खाडी नवी. त्याने बोट वळवून बांधाकडे घेतली. प्राचीने दोरी सोडली, क्षणभर खरंच दोरीशिवाय उभी राहिली, आणि मग लाट पायाखालून निघून गेली. ती उभ्याउभीच पाण्यात पडली. डावा पाय गाळात गेला. अंगाला वेग होता, अंग पुढे गेलं, पाय जागेवर राहिला.

तिची किंकाळी डीजेच्या वर ऐकू आली. बोटवाल्याने इंजिन बंद करून उडी मारली आणि तो उभा राहिला. पाणी त्याच्या छातीला. मांडवात काही जण हसले, कारण खोल खाडीत उडी मारलेला माणूस उभा दिसला की हसू येतंच. मग प्राचीचं तोंड दिसलं. गावातल्या दोघांनी होडी घालून तिला काढली. गाळातून पाय सोडवताना ती परत ओरडली. शेठच्या हातात अजून शाल होती.

गुडघ्याचे सगळे अस्थिबंध तुटले होते. कल्याणला ऑपरेशन झालं, सहा महिन्यांनी दुसरं झालं. चालते. जिना उतरताना कठडा धरते. फळीवर पुन्हा उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्लब बंद, बोट विकली. शेठचा तो तुकडासुद्धा त्यातच गेला.

रोहनने अर्थात माझं नाव घेतलं. पंधरा फूट या माणसाने लिहून दिलं होतं, असं त्याने सगळीकडे सांगितलं. चौकशी झाली. मी तो कागद पुढे केला, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, चाळीस पानी अहवालाची माझ्याकडची प्रत दाखवली. चौकशीवाल्या साहेबांनी तक्ते बघितले आणि म्हणाले, "परबसाहेब, इतकं चोख काम हल्ली बघायला मिळत नाही." मी थँक्यू म्हणालो. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला बरंसुद्धा वाटत होतं, याची आता लाज वाटते.

त्यानंतर आठवड्याने शेठ आले. एकटेच. मी दार उघडलं तेव्हा वाटलं, आता शिव्या खायच्या. शेठनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन बसले आणि हात जोडले.

"साहेब, माफ करा. त्यो रोहन तुमाला काय काय बोल्ला. मी पोरीला बी सांगितला, साहेबांचा काय चुकला नाय. कागद बरोबर व्हता. आमालाच वाचता नाय आला."

मी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. शेठ मुलीबद्दल बोलत राहिले. आता जरा पाय वाकतो, रात्री दुखतो, पण रडत नाही. मग बोलता बोलता थांबले.

"साहेब, येक इचारू? तुमी थंय मांडवान व्हतेव ना?"

"होतो."

"खांब दिसत व्हता?"

"दिसत होता."

शेठनी कप खाली ठेवला. आवाज चढला नव्हता. खरंच न समजून विचारत होते.

"रेतीच्या धंद्यान आमची लय भांडना व्हती. डोकी फोडलीत येकमेकांची. पन पानी फिरला का जो बांधावर असंल त्यो हाक मारायचा. खाली दुष्मनाचा मानूस असला तरी मारायचा. खाली डुबी मारतंय त्याला पानी दिसत नाय, वरच्याला दिसतं. मंग तुमी हाक का नाय मारली?"

चाळीस पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बारीक अक्षरांतही नव्हतं. रोहनला सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलंही त्यासाठी. पण समोर हा माणूस बसला होता, ज्याने तरुणपणी वरच्याच्या हाकेवर विसंबून दिवसाला शंभर वेळा तळ गाठला होता, आणि त्याच्यासमोर ते जमेना.

"मला त्यांची फजिती बघायची होती, शेठ," मी म्हणालो. "रोहनची. म्हणून गप्प बसलो. प्राचीने मला आधी विचारलंही होतं, पाणी किती वेळ मिळेल म्हणून. मी सांगितलं नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. माझ्या बायकोनेही ते पहिल्यांदाच ऐकलं. शेठ उठले, दाराशी गेले, एक एक चप्पल पायात घातली.

ते वळले.

"पोरीला ह्या नका सांगू, साहेब," शेठ म्हणाले. "घरान आमची येवरी मानसा, पन खारीचा काय इचाराचा झाला तं ती अजून बोलतंय, परब काकांना इचारा."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

शेठ जिना उतरून गेले. दोन वर्षं मी तो शब्द पाळला. प्राची, आज मोडतोय.